शेंदराखालचं लोखंड

खडकवस्ती, येरमाळ्याच्या पलीकडं
मार्गशीर्षातला गुरवार, १२ डिसेंबर

चि. शिवांजलीस,

गजराबाईचा, म्हणजे तुझ्या आजीचा, आशीर्वाद. इकडं सगळं बरं हाय असं लिहायची रीत हाय म्हणून लिहिते. तू सोलापुरात खुशाल असशील. नसलीस तरी मला सांगायची न्हाईस, हे बी ठाऊक हाय.

फोन लावून लावून माझं बोट दुखलं. आधी नुसताच वाजायचा. आता वाजत बी न्हाय. ट्रॅक्टरवाला व्यंकट म्हणला, "मावशी, तिनं तुमाला बंद केलंय. त्यात तसं बटण असतंय." असू दे. चौथीपतोरची शाळा अजून हातात हाय. अक्षर वाकडं दिसलं तर माझ्या वयाला हसू नको, मी रस्त्याच्या मधोमध बसून लिहायलेय अन् मांडीवर चहापत्तीच्या खोक्याचा पुठ्ठा हाय. का बसलेय ते पुढं येईल.

काळी शेळी व्यायली. दोन्ही पाटी झाल्या, बोकड एक बी न्हाय. शेजारच्या इरम्माचा गुडघा तसाच हाय अन् तोंड बी तसंच. तुरी वाळायला लागल्यात. थंडी लई हाय, पण कारखाना चालू झालाय, त्यामुळं उसाच्या गाड्यांची रीघ हाय पुलावरून. व्यंकटनं ट्रॅक्टरला नवी टेप बसवलीया. गाणं एकच हाय, ते ऐकून शेळी पान्हा चोरते.

त्या दिवशीचं काय लिहू. अंगात आलं की माणूस काय बोलतंय ते त्याचं त्याला कळत न्हाय. देवीपुढं कुणाचं चालत न्हाय. तू शिकलेली हाईस, तुला पटायचं न्हाय, पण साऱ्या गावानं डोळ्यानं बघितलंय. म्हणून मनात काही धरू नको.

एवढं लिहून मी पेन खाली ठेवला अन् एक चहा पिऊन आले.

वरचं खोडणार होते. पण खोडलं तर तुला वाटायचं, म्हातारी अजून काहीतरी झाकायलीया. म्हणून राहू देते. ते खोटं हाय. मला कधी कुठली देवी अंगात आली न्हाय. तुला तर हे लहानपणापासून माहीत हाय, म्याच सांगितलेलं. मग तुझ्यापुढंच हे नाटक कशाला करायलेय, देव जाणे. सवय लागली असंल.

तुझ्या साहेबाला वाटलं असंल, गावंढळ बाई हाय, हिला पुलाची तपासणी म्हणजे काय ते कळलं न्हाय. कळलं होतं. तूच शिकवलंस. पंचमीला आली होतीस तवा ती दोन पायांची चुंबकाची मशीन पिशवीत होती, अन् मी म्हणाले होते, हे खेकड्यासारखं काय हाय. तू माझी विळी मागितलीस. पातं पुसलंस, त्याच्यावर पांढरा रंग फवारलास, खेकड्याचे दोन पाय पात्यावर टेकवलेस अन् ते काळं पाणी सोडलंस, बारीक लोखंडाचा कीस घातलेलं. सगळं पाणी ओघळून गेलं अन् पात्यावर एक काळी रेघ उरली. केसाएवढी.

"आजी, ही चीर हाय," तू म्हणालीस. "लोखंड धड असलं की चुंबकाची ओढ आतल्या आत जाते. जिथं फाटलंय तिथं ती बाहेर सांडते, अन् कीस तिथं जाऊन चिकटतो. डोळ्याला दिसत न्हाय ते हा कीस दाखवतो."

म्या म्हणलं, "चांगल्या विळीला नजर लावलीस."

तू गेल्यावर भोपळा चिरताना विळी मोडली. त्याच रेघेवर. तुला फोनवर म्या सांगितलं की विळी गंजली म्हणून भंगारवाल्याला दिली. नातीपुढं हरायचं कसं. तर तुझं चुंबक खोटं बोलत न्हाय हे मला पुलाच्या आधीपासून ठाऊक होतं. हे नीट वाचून घे, कारण पुढचं सगळं ह्याच्यावर हाय.

दिवाळी झाल्यावर तुमची माणसं पुलाखाली आली तवा माझा रुबाब बघायचा होतास. माझ्या चहाच्या गाड्यावर येईल त्याला सांगत होते, ती खाली टोपी घातलेली आमची नात. पलीकडच्या टोकापासून तू पूल पेलणारा एकेक लोखंडी गडर बघत येत होतीस. रंग खरवड, पांढरं मार, खेकडा लाव, काळं पाणी सोड, पूस, पुढं हो. लोक वरून वाकून बघायचे. त्यांना वाटायचं तू पुलाला ओवाळायलीस.

मग रणधीर चहाला आला. सरपंच झाल्यापासून तो फुकट पितो, ते जाऊ दे. तो म्हणला, "काकू, तुमची नात लई बारकाईनं बघायलीया. पूल नापास झाला तर काय कराल?"

"नापास व्हायला तो काय तू हाईस," म्या म्हणलं.

"हसू नका. नापास झाला की बंद करत्यात. येस्टी पलीकडनंच माघारी फिरल. उसाच्या गाड्या लांबनं जातील. मग हा गाडा कुणासाठी लावणार, शेळीसाठी?"

तो गेला. खालच्या अंगाचा ओढ्यावरचा पूल बंद केला होता तो आठवला. त्याच्यावर आता बाभळी उगवल्यात. तिथला वडेवाला सुरतेला गेला म्हणत्यात. मी कुठं जाणार. हा गाडा म्हणजे माझं नाक हाय. जावयाच्या दारात न्हाय गेले, भावाच्या दारात न्हाय गेले, ह्या गाड्यावर तुला शिकवलं. हे मी मोठेपणा म्हणून लिहीत न्हाय. चहाच्या गाड्यापायी सोंग केलं, एवढंच कळावं म्हणून लिहिते. दुसरं कुठलं थोर कारण न्हाय.

अन् अलीकडच्या टोकाला काय हाय ते मला ठाऊक होतं. गडर जिथं दगडी भिंतीवर टेकतो तिथं वरच्या सांध्यातून पावसाळाभर पाणी गळतं. तिथंच खाली साती आसरांचे, पाण्यातल्या देवींचे, दगड होते. पुरात ते वाहून गेले तवा बायका म्हणाल्या, आता निवद कुठं दावायचा. म्याच बोट दाखवलं. म्हणलं, ह्या लोखंडाला शेंदूर लावा, हे काय वाहून जात न्हाय. तवापासून दर अवसेला तेल अन् शेंदूर. तुला आठवत असंल, खोबरं खायला तू सगळ्यांच्या पुढं असायचीस.

ह्या दोन पावसाळ्यांत त्या शेंदरातून तांबडं पाणी पाझरायला लागलं. इरम्मा म्हणायची, देवीला घाम फुटला. म्या रोज गाड्याचा पत्रा पुसलाय, गंजाचं पाणी मला कळत न्हाय व्हय. कळलं. कळलं म्हणून दरवेळी दोन बोटं जास्तीचा शेंदूर थापला. बायका म्हणाल्या, गजराबाईची लई भक्ती.

तू तिथं आलीस तवा आधी मला विचारलंस. साहेबाला न्हाय, सरपंचाला न्हाय. हातात तारेचा ब्रश होता. "आजी, एवढं खरवडते. झाल्यावर तूच तुझ्या हातानं नवा शेंदूर लाव." एवढ्या अदबीनं विचारलंस. मी व्हय म्हणले असते तर संपलं होतं.

म्या केस सोडले.

नाटक बी बरं जमलं न्हवतं. घुमायला लागले तर आधी कंबरेत चमक भरली. इरम्मा लिंबू आणायला पळाली, गुडघा विसरून. माणसं वरून खाली उतरली. म्या देवीच्या आवाजात सांगितलं की माझ्या अंगाला लोखंड लावाल तर गाव राहणार न्हाय. तुझा साहेब पेटी आवरायला लागला. पण तू हललीच न्हाईस. माझ्याजवळ बसलीस अन् हळू म्हणालीस, "आजी, ऊठ. तुला अंगात येत न्हाय. बायकांना घटकाभर पाठ टेकायला मिळावी म्हणून हे काढलंय, असं तूच सांगायचीस."

व्यंकट मागं उभा होता, त्याला ते ऐकू गेलं अन् तो हसला. त्याच्या हसण्यानं आणखी दोघं हसली. तू उठलीस अन् ब्रश घेऊन गडरकडं वळलीस. मला दिसलं, आता हिला कुणी आडवत न्हाय. तवा मी ते बोलले.

ते मी जरा दमानं लिहिते. आधी पुढचं सांगते.

तू ब्रश पिशवीत ठेवलास. माझ्याकडं बघितलं बी न्हाईस. व्यंकटच तुला फटफटीवरून येडशीच्या स्टेशनावर सोडून आला. तो सांगत होता, निघायच्या आधी त्याच्यापुढंच साहेब म्हणला लिही सगळं ठीक, अन् तू लिहिलंस की ही जागा बघता आली न्हाय, देवीचं कारण सांगून गावानं बघू दिली न्हाय. त्यापायी तुला पुलांवरून काढलं अन् सोलापुरात सामानाच्या खोलीत नटबोल्ट मोजायला बसवलं, हे मागाहून रणधीरनं ऑफिसातनं ऐकून सांगितलं. व्यंकट म्हणला, रस्ताभर ती तोंड झाकून बसली होती. मी त्याला म्हणले, थंडी असंल. 

मग अवस आली. मी अन् इरम्मा शेंदूर घेऊन खाली गेलो. म्या बोट लावलं तर शेंदराची खपलीच हातात आली. थाळीएवढी. तिच्या मागं लोखंडाचे पापुद्रे, शिळ्या भाकरीचा पोपडा सुटावा तसे. इरम्मा म्हणली, "देवीनं कात टाकली." मी तिला घरी पाठवलं अन् गाड्यावरचं उलथनं आणून सगळं खरवडलं. वर्सावर्साचे थर. मधी एका थरात तुझ्या लहानपणची टिकली चिकटलेली सापडली.

तुझ्या खाऊच्या डब्यात जुन्या रेडिओतलं गोल चुंबक हाय बघ, ज्यानं तू सांडलेल्या सुया गोळा करायचीस. ते आणलं. चांगल्या गडरला लावलं तर टक्कन बसलं, काढताना नख मोडलं. तसंच सरकवत सरकवत टोकाकडं नेलं. तिथं त्याची पकड सुटली. धरेना. हात काढला की खाली पडायचं. तीनदा लावलं अन् तीनदा पाण्यातनं वेचून आणलं. मला तुझ्यासारखी विद्या न्हाय. कदाचित वरचा गंज जाड असंल अन् आत लोखंड धड असंल. कदाचित नसंल. ते तुझा खेकडाच सांगंल.

आता तुला वाटंल, म्हातारीनं लगेच गावाला सांगितलं. न्हाय सांगितलं. त्यानंतर बी चहा विकत बसले. गाडी पुलावर चढली की कपबश्या वाजायच्या, अन् गाडी उतरेपतोर मी दूध ओतत न्हवते, हात थांबायचा. कुणी विचारलं तर म्हणायचे, वय झालं. झोप येत न्हवती, पण तोंडावर काही दिसत न्हवतं. माझं तोंड तुला ठाऊक हाय.

काल दुपारी कळंबला शिकायला जाणाऱ्या पोरींची येस्टी अन् समोरून उसाची गाडी, दोन्ही एकदम पुलावर आल्या. मी खाली भांडी घासायला पाण्याशी होते. वरनं एक आवाज आला. मोठा न्हाय. टण्ण करून, एकच. विळी मोडली तवा असाच आला होता. येस्टी निघून गेली. पोरींचं हसणं ऐकू येत होतं. माझ्या हातातलं पातेलं वाहत गेलं, ते म्या जाऊ दिलं.

आज सकाळी उठून पारावर गेले अन् सगळ्यांपुढं सांगितलं. पूल बंद करा. खालचं लोखंड सडलंय. मला देवी आली न्हवती, म्या सोंग केलं होतं, चहाच्या गाड्यापायी.

कुणाला पटलं म्हणतेस. रणधीर म्हणला, "काकू, तपासणी झालीया. कागद हाय माझ्याकडं."

"त्या कागदावर माझ्या नातीनं लिहिलंय की एक जागा बघितली न्हाय."

"ती देवीची जागा हाय. तुमीच सांगितलंत."

"मी सोंग केलं म्हणतेय ना."

तर इरम्मा मला समजवायला लागली, लहान पोराला समजवावं तसं. "गजरे, तुला वाटतंय सोंग केलं. पण देवी आलती. तुला कळलं न्हाय एवढंच. तू त्या दिवशी बोललीस ते तू बोलशील व्हय, आपल्या लेकीच्या लेकीला."

म्या तिला सगळ्यांपुढं सांगितलं, ते बोलणं बी माझंच होतं. सारं गाव ज्या गोष्टीवरून देवीला खरी मानतंय ती ही. आजी असं बोलूच शकत न्हाय, म्हणून ती देवीच असणार.

एक सोपा रस्ता होता. केस सोडायचे अन् घुमत सांगायचं, आता ह्या पुलावर चाक आलं तर मी कोपेन. बघता बघता पूल बंद झाला असता. तसा हात बी गेला अंबाड्याकडं, खोटं कशाला सांगू. पण मग ती जागा दुप्पट देवीची झाली असती. पुन्हा कुणी तुला तिथं खेकडा लावू दिला नसता, अन् उद्या दुसऱ्या कुणी वरनं रंग फासून पूल चालू केला असता. म्हणून अंबाडा घट्ट बांधला अन् गाडा ढकलत आणून पुलाच्या तोंडाशी आडवा लावला. स्टो, बरण्या, बाकडं, सगळं. मधी मी.

पहिली येस्टी आली. डायव्हर म्हणला, "आज्जी, गाडा काढा, टायमिंग हाय."

म्या म्हणलं, "खाली उतर, बघून ये, मग तुझ्या हातानं काढ."

तो शिव्या देत उतरला. वर आला. गाडी वळवून गेला. मग व्यंकट आला उसाची ट्रॉली घेऊन. तो बी बघून आला. त्यानं टेप बंद केली अन् ट्रॉली माझ्या मागं आडवी लावली. म्हणला, "मावशी, ह्या पुलावरनं मी रोज जातो. त्या दिवशी मी हसायला नको होतं, नायतर तुमी तेवढं बोलला नसता." बघ, माझं पाप आपल्या अंगावर घ्यायला माणसं कशी तयार असत्यात. म्या त्याला ते घेऊ दिलं न्हाय.

आता दोन्हीकडं गाड्या लागल्यात. लोक मला काय काय म्हणायलेत ते लिहिण्यासारखं न्हाय, पण त्यातलं बरंचसं म्याच त्यांना शिकवलेलं हाय. रणधीरनं पोलिसाला फोन केलाय. तुमच्या ऑफिसात बी केला. ते म्हणत्यात, तपासणीत नापास न्हाय तर आमी बंद कसा करणार. पोलीस येतील, मला उचलतील. मी काय जड हाय. गाडा उचलतील अन् गाड्या सुरू होतील. तेवढ्यात तू यायला पाहिजेस. हे पत्र व्यंकटचा भाचा घेऊन निघायलाय, तुझ्या हातातच देईल. पाकिटात एक पापुद्रा घातलाय, पाकीट फाडताना जपून, त्याचा भुगा होतो. तो तुझ्या साहेबापुढं ठेव. साहेब आला तर बरं, न्हाय आला तर तू एकटी ये. मशीन कशी आणायची ते तू बघ.

आता ते राहिलेलं.

त्या दिवशी मी म्हणले, "जिनं जन्मताच आईला गिळलं तिचा हात मला लागता कामा न्हाय." मी म्हणले. देवी न्हाय. दुसरं काही बोलून तू हलणार न्हाईस हे मला ठाऊक होतं, अन् एवढं एकच तुला हलवंल हे बी ठाऊक होतं, कारण तुला म्या वाढवलंय. कुठं चीर हाय ते मला चुंबकाशिवाय दिसत होतं. तिथंच मारलं.

तुझ्या आईला ताप चढला अन् ती गेली. तू पाळण्यात होतीस, मूठ चोखत. पाळण्यातलं पोर कुणाला गिळत न्हाय. हे म्या तुला लहानपणी एकदा तरी नीट सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं न सांगता कळंल. न सांगितलेलं कळत न्हाय अन् उशिरा सांगितलेलं पटत न्हाय, हे मला आज सकाळी पारावर कळलं. आज साऱ्या गावापुढं मी सांगितलं की ते वाक्य माझं होतं. त्यांना पटलं न्हाय. तुला पटलं तरी पुरे.

माफी मागायची मला सवय न्हाय, अन् पत्रात मागून तू देऊ बी नको. मी तुझ्या आवडीची म्हातारी होऊन बसावं असं बी माझ्यानं व्हायचं न्हाय. पूल बंद झाला तर गाडा येरमाळ्याला हायवेवर लावीन. न्हाय लागला तर शेळ्या राखीन. त्याची काळजी तू करायची न्हाय.

ती जागा सोड्यानं धुवून, कोरडी करून, फडक्यानं पुसून ठेवलीया. शेंदराचा ठिपका ठेवला न्हाय. इरम्मा कुंकू घेऊन आली होती, तिला परत पाठवली. मी इथं बसलेय तोवर त्या लोखंडाला दुसऱ्या कुणाचा हात लागू देत न्हाय. पहिला हात तुझा लागू दे.

पुलाच्या तोंडाशी बसलेली, त्या दिवशी बी देवी नसलेली,

तुझी आजी
गजराबाई